हवेतले बार

पिस्तुलांचा पिक्चर सांगताना नेमकी पिस्तुलंच गाळून सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. गफूरभाई. ते गेल्याचा नामदेवचा फोन आला तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. अमरावतीत माझ्या शेजारी एक रिटायर प्रोफेसर राहतात. त्यांना जगातले सगळे सिनेमे पाठ, पण सांगायला बसले की मला जांभया सुरू होतात. गफूरभाईंना एकच पिक्चर येत होता. अख्खं गाव तो वर्षानुवर्षं ऐकत होतं, आणि एकदाही कोणी म्हटलं नाही की बुवा, पुरे आता.

मी त्या गावात शाळामास्तर होतो. अकोटहून तेल्हाऱ्याकडे निघालं की मध्ये फाट्यावर उतरायचं आणि पुढे पायी जायचं, असं ते गाव. जमीन काळी, लोण्यासारखी. पण विहीर खणली की पाणी खारं. चहासुद्धा त्या पाण्याचा प्यालात तर चेहरा वाकडा होईल. गफूरभाईंचा धंदा गादी-रजई भरण्याचा, बापापासून चालत आलेला. घरासमोर ओटा, ओट्यावर कापसाचा ढीग, आणि त्या ढिगात भुवयांवर कापूस बसलेला हा लांबुडका माणूस पिंजणाची तार वाजवत बसलेला. गावाबाहेर थोडं वावरही होतं. त्यांचा आणि नामदेवचा धुरा, म्हणजे वावराचा बांध, एकच. दोघं पहिलीत एका पाटीवर लिहायला शिकले, आणि पुढे जन्मभर एकमेकांना 'अबे' शिवाय बोलले नाहीत.

तर तो पिक्चर. तरुणपणी गफूरभाई गाद्यांचं कापड आणायला अकोल्याला गेले होते. ऊन मरणाचं, एस.टी.ला वेळ. टॉकीजमध्ये पंखे असतात म्हणून आत शिरले. पिक्चर निघाला इटलीचा, त्यात भरलेला आवाज इंग्रजीचा, आणि गफूरभाईंना दोन्हींचा गंध नाही.

"ओठ एक बोले अन् आवाज दुसराच बोले," ते सांगायचे. "मी म्हटलं, आवाज सोड बापा, तोंड पाय निस्तं. अन् तोंड पायलं त सारं समजलं, मास्तर. सारं!"

इतकं समजलं, की खेळ सुटल्यावर त्यांनी लगेच दुसऱ्या खेळाचं तिकीट काढलं. गावी आले ते रिकाम्या हातानं. कापड दुकानातच राहिलं होतं. वडिलांनी काय केलं असेल ते सांगायला नको.

गोष्ट अशी. एक नावाजलेला बंदूकवाला असतो. त्याला बंदुकीचा वीट येतो. तो ती फडक्यात गुंडाळून ठेवतो आणि एका उजाड गावात येऊन विहीर खणायला लागतो. गावाला तीन भावांनी पिडलेलं. लोक याला येऊन म्हणतात, तू मार. हा म्हणतो, नाही. लोक पुन्हा येतात. हा पुन्हा नाही म्हणतो आणि विहिरीत उतरतो.

इथपर्यंत यायला गफूरभाईंना तास लागायचा. विहीर कशी बांधली, माती कशी ढासळली, त्याच्या हाताला कसे फोड आले, जेवण घेऊन येणारी एक बाई होती ती कडेला कशी वाकून पाहायची, सगळं सांगायचे. पोट्टे चुळबुळ करायचे. एखादा ओरडायचाच, "अन् गोळ्या कधी, मामू?"

"होतीन ना बे गोळ्या! त्याले घोटभर पानी त लागू दे!"

मग विहिरीला पाणी लागायचं. ते सांगताना गफूरभाई उठून उभे राहायचे. ओंजळ करून दाखवायचे, चव घेऊन दाखवायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून ओट्यावरच्या सगळ्यांना कळायचं की पाणी गोड आहे. आमच्या त्या खाऱ्या गावात माणसं अक्षरशः सुस्कारे सोडायची हो! "मंग ठो-ठो झालं, मेले तिघं. चला उठा, कापूस ओला होते." एवढ्यावर पिक्चर खतम. मी शंभरदा ऐकला असेल. आज कोणी पुन्हा ऐकवला तर मी इथून पायी निघेन.

तोंड पाहायची सवय त्यांना लागली ती कायमची. कोणी फार गोड बोलायला लागला की ते मला कोपरानं ढोसायचे, "ओठ पाय, मास्तर, ओठ." ती वर्षं फार वाईट होती. कापूस दगा द्यायचा, पेपर उघडला की पहिल्या पानावर आमचाच जिल्हा. जीपगाड्या भरभरून साहेब लोक यायचे आणि शाळेच्या पटांगणात सभा घ्यायचे. एका सभेत एक मोठे साहेब डोळ्यांत पाणी आणून बोलत होते. बायाही पदर लावत होत्या डोळ्याला. गफूरभाई मागून मोठ्यानं म्हणाले, "साहेब, आवाज मांगून भरला का जी तुमचा?" साहेबांना काही कळलं नाही. गावाला मात्र पिक्चर पाठ होता. सगळं पटांगण खदखदून हसलं, आणि त्या वर्षी गाव हसलेलं मी तेवढंच पाहिलं.

आता गंमत अशी, की या माणसाच्या घरात खरी बंदूक होती. दुनळी. त्यांचे वडील गावचे शिकारी. पीक राखायचा परवाना होता त्यांच्याकडे, तो वारसानं गफूरभाईंकडे आला. नको नको म्हणत असताना आला. त्यांनी काय केलं? बंदुकीला गादी शिवली. खरंच सांगतो. जाड कापसाची, फुलाफुलांच्या छिटाची खोळ, वर नाडी. त्यांच्या बेगम, हमिदाभाभी, म्हणायच्या, "पोरांना नाही शिवली कधी अशी."

निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. इतर बंदूकवाले कुरकुरत जातात. गफूरभाई निवडणुकीची वाट पाहायचे. पहिल्याच दिवशी, ती फुलाफुलांची खोळ छातीशी धरून, एस.टी.त खिडकीपाशी. एकदा कंडक्टरनं विचारलं, "बाळाचं अर्धं तिकीट काढू का, भाई?" तर म्हणाले, "काढ. पण उठवू नको त्याले." निवडणूक संपून गुलालही वाळून जायचा तरी हे बंदूक आणायला जायचे नाहीत. शेवटी ठाण्यातून निरोप यायचा, "तुमची अमानत घेऊन जा हो, उंदरं लागली गादीला."

मी एकदा त्यांना विचारलं होतं, एवढा काय तिटकारा? धुऱ्यावर बसलो होतो आम्ही. त्यांनी एक ढेकूळ उचलून हातात चुरलं. मग म्हणाले, "बार टाकनं सोपं हाय, मास्तर. अब्बा टाकत, मी पयत जाओ. जीव जायच्या आंधी सुरी फिरवा लागते, नाईतर हलाल होत नाई. पयला काळवीट पडला तवा मी मिसरूड नसलेला. पयत गेलो, मानीवर हात ठेवला. गरम होता. माह्याकडे पाहून राहिला होता. मले वाटलं, ह्याले मीच मारलं नं मीच सांगून राहिलो का भेऊ नको." मग उठले आणि धोतराची माती झटकली. पुन्हा तो विषय आमच्यात निघाला नाही.

पण बंदूक घरात आहे म्हटल्यावर गाव कुठे सोडतं! आमच्याकडे रोह्यांचे कळप. रोही म्हणजे पुस्तकातली नीलगाय, घोड्याएवढं जनावर. हरभऱ्यात एकदा शिरलं की खातं कमी आणि तुडवतं जास्त. कोणी ना कोणी ओट्यावर यायचंच, "गफूरभाऊ, आले बरं का." की हे निघाले. वावरात जायचे, नळी आकाशाकडे करायचे आणि एक बार. रोही पळायचे. कास्तकार खूश, रोही जिते, गफूरभाईंचा जीव जाग्यावर. असं किती वर्षं चाललं म्हणता!

आणि इथेच घोळ झाला. जनावर काय मूर्ख असतं? पहिल्या वर्षी बार झाला की रोही नाल्यापलीकडे जायचे. मग धुऱ्यापर्यंत जायला लागले. मग नुसते कान टवकारायला लागले. एका हिवाळ्यात मी डोळ्यांनी पाहिलं. गफूरभाईंनी बार टाकला, आणि कळपानं माना वर केल्या, वळून पाहिलं, कोण आहे ते ओळखलं, आणि पुन्हा खाली घालून चरायला लागला. मला हसू आवरेना. गफूरभाईही हसले, पण नामदेव हसला नाही. वावर त्याचं होतं.

त्या साली नामदेवचा कापूस गेला होता. घरात वर्षभर खायचं काय, ते सगळं त्या हरभऱ्यावर होतं. तो ओट्यावर आला आणि बसलाच नाही.

"अबे गफऱ्या, एक पाड. एक पडलं का कळप फिरकत नाई. मी जास्त नाई मांगत."

"मी आवाज करतो ना बे."

"तुह्या आवाजाले आता चिमन्या बी भेत नाई! तूच लाडावले त्याईले!"

गफूरभाईंनी पिंजण बाजूला ठेवलं. मग हळूच म्हणाले, "खायाचं नाई, त माराचं कावून, नामदेव? अन् आज रोही म्हनून राहिले तुमी सारे. पडलं का त्याची नीलगाय होईन. अन् मारनारा कोन? गफूर."

"मी हावो ना तुह्यासंग!"

"तू हास. मले मालूम हाय."

तरी ते हो म्हणाले नाहीत. त्या हंगामात नामदेवच्या वावरात अर्धा हरभराही उरला नाही. मग एक दिवस त्याने ओट्यासमोर उभं राहून सगळ्यांदेखत सांगितलं, "तू त्या रोह्यांचा हास गफऱ्या, माहा नाई." त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. एका धुऱ्याच्या अल्याड-पल्याड दोघं डवरणी करायचे आणि तोंडं दुसरीकडे. मला मध्ये निरोप पोचवावे लागायचे. "मास्तर, त्याले सांगा, त्याचा बैल माह्या तुरीत आला." बैल समोर, तो समोर, मी मध्ये! चीड यायची मला दोघांची. ओट्यावरचा पिक्चरही त्या वर्षी कमी झाला. नामदेव बसायचा ती जागा रिकामी असली की गफूरभाई विहिरीतच अडकायचे, पाण्यापर्यंत पोचायचेच नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात नामदेवने वनखात्याकडे खेटे घालून रीतसर परवानगी आणली. एका रोह्याची. कागद स्वतः द्यायला आला नाही, सुनेला पाठवलं. ती पोर ओट्याखाली उभी राहून एवढंच म्हणाली, "बाबांनं सांगतलं, औंदा बी गेला हरभरा, त आमी वावर सोडून सुरतले जाऊ." गफूरभाईंनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. ओठ आणि आवाज जुळत होते. ते आत गेले आणि बंदुकीच्या खोळीची नाडी सोडत बसले.

सकाळी ते मला घ्यायला आले. "मास्तर, चला. मले एकट्याले नाई जमायचं." नामदेव वावराच्या कोपऱ्यावर उभा होता. दोघांनी एकमेकांकडे एकदा पाहिलं. कोवळं ऊन पडलं होतं, हरभऱ्यावर दव होतं, आणि कळप मधोमध निवांत चरत होता. पुढे एक काळा नर.

गफूरभाई जवळ गेले. किती जवळ जावं! काठीनं डिवचता आलं असतं इतके. मला वाटलं, आता पळतील, बरं होईल. पण ते कशाला पळतात? गफूरभाई आले होते ना, रोजचे.

त्यांनी पहिली नळी आकाशात सोडली. माना वर झाल्या. गफूरभाई ओरडले, "जा ना रे! जा ना बाप्पा!" आवाज फाटला होता त्यांचा. "आज नको थांबू, जा!" काळ्या नरानं क्षणभर पाहिलं आणि हरभऱ्याला तोंड लावलं.

दुसरी नळी त्यांनी खाली आणली.

नर पडला, आणि तरी बाकीचे उभेच. त्यांच्या लेखी तो गफूरभाईंचाच बार होता. गफूरभाईंनी बंदूक चिखलात टाकली आणि पळत सुटले. एवढं वय, पण काय पळाले! गुडघ्यावर बसले आणि त्याच्या मानेवर हात ठेवला. काहीतरी पुटपुटत होते. सुरी नव्हती, खायचं नव्हतं, तरी हात तसाच ठेवून होते. तेव्हा कुठे कळप बिथरला आणि नाल्याकडे उधळला.

वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला, खड्डा खणला. गाव गोळा झालं होतं. कोण्या म्हातारीनं पुढे होऊन त्या जनावराच्या कपाळाला कुंकू लावलं आणि हात जोडले. मग दुसरीनं लावलं. गफूरभाईंना कोणी वावगं बोललं नाही. तसं गाव नव्हतं ते. पण त्यांच्याजवळ कोणी उभंही राहिना. नामदेव तेवढा गेला, आणि सगळ्यांसमोर त्यांचा हात धरून त्यांना बांधावर नेऊन बसवलं. दोघं तिथे दुपारपर्यंत बसून होते.

नामदेवचा हरभरा वाचला. रोही त्या अंगाला फिरकले नाहीत. ओल्या हरभऱ्याचा पहिला हुळा भाजला तो नामदेवने टोपलं भरून ओट्यावर आणला. दोघांनी मिळून खाल्ला, बोटं काळी केली, हसले-बोललेही. सगळं पहिल्यासारखं झालं म्हणा ना. गफूरभाईंनी दुनळी ठाण्यात कायमची दिली, परवान्यासकट. फक्त पिक्चर तेवढा थांबला. पोट्टे म्हणायचे, "मामू, सांगा ना." ते म्हणायचे, "इसरलो रे." मी एकट्यात विचारलं, तेव्हाही तेच. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. पण मी कोण म्हणणार की तुमचे ओठ जुळत नाहीत!

मग माझी बदली झाली, पुढे रिटायर होऊन अमरावतीला आलो. आणि इथे आठवण येऊ लागली, की काय सांगू. संध्याकाळ झाली की त्या ओट्यावर कोणीतरी मला बोलावतंय असं वाटायचं. मी प्रोफेसरांना तो पिक्चर विचारला. इटलीचा, बंदूकवाला, विहीर खणतो. ते म्हणाले, असा पिक्चरच नाही. मी म्हटलं, आहे हो! तीन भाऊ, जेवण आणणारी बाई. मग कुठे त्यांची ट्यूब पेटली. "अहो पण त्यात विहीर कुठे आहे?" असं म्हणत त्यांनी सीडी आणून दिली.

पाहिला मी. विहीर आहे. नायक दोनदा कुदळ मारताना दिसतो, तेही गाणं संपेपर्यंत. बाकी पहिल्यापासून शेवटपर्यंत गोळ्याच गोळ्या. जेवण आणणारी बाई एका दारातून डोकावते आणि जाते. पाणी लागतच नाही. विहीर कोरडीच राहते, नायक तिघांना मारतो, घोड्यावर बसतो आणि निघून जातो, आणि त्या गावातला एकही माणूस त्याला थांब म्हणत नाही. मी टीव्हीसमोर एकटाच बसून रडलो, खोटं कशाला सांगू. ते गोड पाणी गफूरभाईंनी स्वतःच्या पदरचं लावलं होतं. दुसऱ्या दिवशी मी अकोटची गाडी धरली. नामदेवचा तो फोन यायला तेव्हा अजून अवकाश होता.

ओटा रिकामा होता. पिंजण भिंतीला टांगलेलं. हमिदाभाभी म्हणाल्या, "वावरात गेले. रोज जातात या वखती. जाऊन काय करतात, अल्ला जाणे." वाटेत नामदेव भेटला, पार वाकलेला. त्याने हात धरून मला आपल्या वावराच्या कडेला नेलं. काटेरी कुंपणाच्या बाहेर, नाल्याच्या बाजूनं, हरभऱ्याचे काही तास, म्हणजे ओळी, पेरलेले होते.

"थे गफऱ्यासाठी पेरतो मी," तो म्हणाला. "त्याच्यासाठी म्हंजे रोह्यांसाठी. पन येत नाई ना लेकाचे. मीच मांगतलं होतं, एक पाड म्हनून. आता मीच पेरतो."

गफूरभाई त्या तासांच्या टोकाशी धुऱ्यावर बसले होते. मला पाहून उठले नाहीत; हातानंच बस म्हणाले आणि ओठांवर बोट ठेवलं. मी बसलो. पिक्चरचं बोलायला आलो होतो, पण बोललो नाही. बऱ्याच वेळानं नाल्याच्या बाभळीत काही हललं. एक मान बाहेर आली, मग दुसरी. आठ-दहा असतील, मागे एक पिल्लू. हरभऱ्याच्या वासानं आले असावेत.

गफूरभाई हळूच उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात वर केले, बोटं फाकवून, तळवे पुढे करून.

"पाय रे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "पाय ना. काई नाई हातात."

कळप तेवढ्यावरच उधळला. पिल्लूसुद्धा. धूळ बसेपर्यंत आम्ही पाहत होतो.

"भेतात आता," ते म्हणाले. "आंधी नाई भेत होते."

माझ्या गाडीची वेळ झाली होती. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, येतो म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण नजर नाल्यावरच. फाट्याकडे जाता जाता मी वळून पाहिलं. नाल्यात काहीच हलत नव्हतं. गफूरभाई तिथेच उभे होते, आणि हात त्यांनी अजून खाली घेतले नव्हते.